कोठीमागचा देव्हारा

शनिवारी सकाळी सहा माणसे वस्तीवर आली, तेव्हा नकुशी दारात तूर पाखडत होती. सूप मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली. सगळ्यांत पुढे हौसराव आप्पा होते, आणि आप्पांचे पाय या वस्तीला कधी लागले नव्हते.

आप्पांचा नातू सार्थक जाऊन सतरा दिवस झाले होते. पाच वर्षांचे ते पोर गोठ्यामागे खेळत होते. दुपारचे साडेचार वाजले होते, लख्ख उजेड होता आणि दहा पावलांवर त्याची आई गुरांना कडबा टाकत होती. बिबट्याने त्याला उसात ओढून नेले. काठ्या घेऊन गाव उसात शिरले, आणि तासाभराने पोराला उचलून बाहेर आणले ते नकुशीच्या मुलाने, रोहनने. त्यानंतर वनखात्याने भिवरवाडीच्या शिवारात दोन पिंजरे लावले. वनरक्षकाने शाळेच्या पटांगणात लोकांना बजावले की एकट्याने फिरू नका, उसाच्या कडेने जाताना मोठ्याने बोलत चला, मोबाइलवर गाणी लावा. आवाज असला की जनावर बाजूला होते. पिंजऱ्यात बांधलेल्या शेळ्या दिवसभर ओरडत होत्या. बिबट्या तिकडे फिरकला नव्हता.

"बसा आप्पा," नकुशी म्हणाली.

"बसाया न्हाई आलो." आप्पांचा आवाज सतरा दिवसांत खोल गेला होता. "मंगळवारी मरीआईचा गाडा काढायचा ठरलंय. देव्हारा तुझ्या घरचा. तू डोक्यावर घेऊन पुढं चालायचं."

नकुशीने सूप खाली ठेवले. "आप्पा, म्या सोडलंय त्ये. सा वर्सं झाली. गावाला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय म्हणूनच आलोय," आप्पांचा पुतण्या पप्पू मध्येच बोलला. त्याच्या गळ्यात भगवा गमछा होता आणि हातात मोबाइल होता. तो बहुधा हे सगळे टिपून घेत होता. "तू आईला सोडलं, आन् आईनं वाघ सोडला. दौंडला जाऊन काय खाऊन आलीस गं? तांदळाची पोती दिली का त्यांनी?"

"पप्पू, गप," आप्पा म्हणाले, पण त्यांची नजर नकुशीवरून हलली नाही. "देव्हारा कुठं हाय?"

"नदीत सोडला."

"आसं तू सांगितलंस. माझी आई म्हणायची, त्यो देव्हारा पाण्यात सोडणारी बाई वर्सभर जगायची न्हाई. तू तर धडधाकट हायस. खरं सांग, नकुशे. माझ्याकडं बघून सांग."

नकुशीला आप्पांकडे बघता आले नाही. ती सुपातल्या तुरीकडे बघत राहिली, आणि तेवढ्याने सहाही माणसांना कळले.

"मंगळवारी चार वाजता, देवळापाशी," आप्पा म्हणाले. जाता जाता ते थांबले. "माझा गेला. दुसऱ्या कुणाचा जाऊ ने म्हणून तुझ्या दारात आलोय. न्हाई तर आलो आसतो का?"

*

गावावर साथ आली की भिवरवाडीत गाडा निघत असे. हातभर उंचीचा लाकडी गाडा, त्यात लिंबाचे डहाळे, हिरव्या बांगड्या आणि नारळ. तो ओढत शिवेवर न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून मागे न बघता परतायचे, म्हणजे आपली पीडा दुसऱ्याच्या शिवारात जाते. गाड्यापुढे पोतराज अंगावर कोरड्याचे फटके ओढत चाले, आणि पोतराजापुढे त्याची बायको डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन. मातंग वस्तीतल्या एकाच घराकडे चार पिढ्या हे काम होते. त्या घराबाहेरच्या कुणाचा हात देव्हाऱ्याला लागला, तर त्याचा वंश बुडतो असे गाव मानत होते. त्यामुळे देव्हारा कधी चोरीला गेला नाही आणि त्याचे ओझे कधी दुसऱ्या कुणाकडे गेले नाही.

नकुशी सतराव्या वर्षी मल्हारची बायको होऊन त्या घरात आली आणि तिसऱ्या दिवशी देव्हारा तिच्या डोक्यावर ठेवला गेला. साथ नसली तरी तो घेऊन दारोदार फिरावे लागे. पंचवीस वर्षे ती फिरली. टाळूवर रुपयाएवढ्या जागेत केस उगवेनासे झाले. आठवण आली की ती जागा अजूनही चुरचुरत असे.

मल्हारला साखरेचा आजार जडला आणि पाठीवरच्या कोरड्याच्या जखमा भरेनात. शेवटी त्याला दौंडला दवाखान्यात नेले, तेव्हा त्याच्या खाटेजवळ कुणी फार वेळ उभे राहत नसे. तिथली परिचारिका, अनिता सिस्टर, रोज सकाळी येऊन त्याची पाठ धुवायची. धुताना ओठांत काहीतरी पुटपुटायची. मल्हार वाचला नाही. वाचेल असे सिस्टरने कधी सांगितलेही नव्हते. पण जी पाठ आपण स्वतः तोंड फिरवून पुसत होतो, तिला ही परकी बाई न भिता हात कशी लावते, हे कोडे नकुशीच्या मनातून जाईना. ते विचारायला ती दर रविवारी दौंडला जाऊ लागली. रेल्वे कॉलनीतल्या सिस्टरच्या घरी प्रार्थनेला पंधरा-वीस माणसे जमत. वर्षभराने तिने बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी सिस्टरने सगळ्यांसमोर विचारले होते, "घरातलं जुनं काही उरलंय का?" आणि नकुशी म्हणाली होती, "नदीत सोडलं."

सोडायला ती खरोखरच गेली होती. भीमेच्या पाण्यात गुडघ्याएवढी उभी राहिली, आणि हात उघडेनात. रोहन तेव्हा दहावीत होता. तिने देव्हारा साडीत गुंडाळून परत आणला आणि ज्वारीच्या कोठीमागे ढकलला.

*

रविवारी प्रार्थना संपून माणसे पांगली, तेव्हा नकुशी भांडी विसळण्याच्या निमित्ताने मागे राहिली.

"सिस्टर, म्या तुमच्याशी खोटं बोलले."

"कशाबद्दल?"

"देव्हारा नदीत सोडला न्हाई. घरात हाय. कोठीमागं."

अनिता सिस्टरने हातातला कप खाली ठेवला. "सहा वर्षं?"

"व्हय."

"सगळ्यांसमोर विचारलं होतं मी तुला, नकुशी. मग इथं येऊन प्रार्थना करत होतीस ती कसली?"

"ती खरी व्हती. त्यात खोटं नव्हतं. पर घरी गेलं की कोठीकडं पाठ करून झोपायला भ्या वाटायचं. म्हणून तिकडंच तोंड करून झोपते, आजपातुर."

मग तिने शनिवारचे सगळे सांगितले. ऐकताना सिस्टरचा चेहरा कठोर होत गेला. "घरी जा आणि आजच्या आज नदीत टाकून ये. लाकडाचं खोकं आहे ते. दुसरं काही नाही."

"तुमी कवा डोक्यावर घेतलं न्हाई, सिस्टर. म्हणून तुमाला त्ये लाकूड हाय."

सिस्टरने कप बाजूला सरकवला. तिचे आजोबा रेल्वेत फायरमन होते आणि तेही ख्रिस्तीच होते. तिच्या घराण्यात ही भीती कुणाच्या ओळखीची नव्हती. "खरं आहे," ती अखेर म्हणाली. "मी फार सोपं करून सांगितलं."

"येक इचारू? मल्हारच्या पाठीला हात लावताना तुमाला भ्या कसं न्हाई वाटलं?"

"कोण म्हणालं नाही वाटलं?" सिस्टर तिच्याकडे आश्चर्याने बघत राहिली. "त्या जखमांत अळ्या होत्या, नकुशी. पहिल्या दिवशी मी दाराबाहेरून दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा भिंतीला टेकून येशूला म्हटलं, मला जमत नाही, तू चल. आणि आत आले. भीती होतीच. हात लावल्यावर, पाणी ओतायला लागल्यावर गेली."

सहा वर्षे नकुशी या बाईला निर्भय समजत आली होती.

"मी येते मंगळवारी," सिस्टर म्हणाली. "आमच्यातले दोघं-तिघं घेऊन येते."

"नगा येऊ. तुमची गाडी दिसली की पोरं म्हणतील, धर्म बदलाया आले. तुमाला मारतील, वर पोलीसबी तुमालाच धरतील. मी येकटी जाते."

"एकटी?"

नकुशी जरा हसली. "म्हंजी, माणसांत येकटी. तुमी नगा येऊ."

*

त्या संध्याकाळी रोहन कुरकुंभहून कामावरून आला तो चिडलेलाच होता. फाट्यावर पप्पूच्या पोरांनी त्याची गाडी अडवून अर्धा तास उभे केले होते.

"आई, तासाभराचं काम हाय," तो जेवताना म्हणाला. "डोक्यावर घ्यायचं, शिवंपातुर चालायचं, उतरवायचं. मी त्या पोराला उसातनं उचललंय. आप्पांचं तोंड बघवत न्हाई मला. तुझा येशू काय तेवढ्यासाठी तुला मारणार हाय का?"

"न्हाई मारणार."

"मंग?"

"मंग काय? जी मारती म्हणत्यात तिचं ऐकायचं, आन् जो मारत न्हाई त्याला फशवायचं, आसं व्हय?"

रोहनने भाकरी ताटात टाकली. "तू सा वर्सं फशवतीच हायस. कोठीमागं काय हाय, मला म्हाईत न्हाई का? झाडताना दिसतं की."

त्याने ते रागाने म्हटले होते, पण ते खरे होते.

सोमवारी गिरणीत तिचा डबा न दळताच बाजूला ठेवलेला होता. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. आणि तिच्या मागच्या बाईचे दळण त्याने तिच्यादेखत घेतले. कांद्याच्या वावरात मुकादमाने तिचे नाव पुकारलेच नाही. बांधावर बसलेल्या बायकांपैकी ताईबाई, जिच्या बाळंतपणात नकुशी दोन रात्री जागली होती, ती मान वर न करता म्हणाली, "तुझ्या हट्टापायी आमची लेकरं कोंडून ठिवलीत आम्ही. शाळेत धाडत न्हाई. तुला लेकरू बारकं न्हाई, तुझं बरं हाय."

गावाच्या भीतीत काही खोटे नव्हते, आणि नकुशीलाही तीच भीती वाटत होती. घरी येताना प्रत्येक पावलाला तिच्या मनात येत होते: खरेच आपल्यामुळे असेल तर? आपण डोक्यावर न घेतलेले ओझे त्या पोराच्या मानेवर पडले असेल तर?

*

मंगळवारी रोहन कामाला गेला नाही. तो बाहेर गाडी पुसत बसला होता. नकुशीने दार आतून लावून घेतले आणि कोठी सरकवली.

गुंडाळलेली साडी जागोजागी फाटली होती. ती समोर बसली आणि बराच वेळ नुसती बसूनच राहिली. टाळूवरची जागा पेटल्यासारखी चुरचुरू लागली. शब्द आठवेनात. सिस्टरच्या घरी माणसे किती सुंदर, लांब प्रार्थना करत. तिला एवढेच सुचले: "येशू, मला जमत न्हाई. तू चल." ते मोठ्याने म्हणायची तिची हिंमत नव्हती. भिंतीपलीकडे शेजार होता. वस्तीवर तिने ते नाव आजवर गोधडीच्या आत, ओठ न हलवता घेतले होते.

तिने हात पुढे केला. लाकूड थंड होते. काही झाले नाही. काळीज आदळत होते, ते तसेच आदळत राहिले. पण हात तिथे राहिला, आणि हळूहळू तो नुसता लाकडावर ठेवलेला हात झाला.

तिने देव्हाऱ्याचे दार उघडले. मोरपिसांना कसर लागली होती. देवीच्या हिरव्या चोळीत उंदराने घर केले होते, आणि पितळी मुखवट्यावर सहा वर्षांचा काळिमा चढला होता. नकुशीला आनंद झाला नाही. जिला आपण एवढे भ्यालो, तिची ही अवस्था आपणच केली, असे तिला वाटले. गावाची वस्तू गावाला द्यायची तर धड द्यावी. तिने उंदराचे घर बाहेर काढले, मुखवटा चिंचेने घासला, लाकूड ओल्या फडक्याने पुसले. पुसताना लक्षात आले की आपण सकाळपासून सरकवलेल्या कोठीकडे पाठ करून बसलो आहोत.

मग तिने दार उघडले. "रोहन, गाडी काढ."

"घेतीस मंग डोक्यावर?"

"पोचव तर."

*

मरीआईचे देऊळ गावापासून दीड-दोन मैलांवर, शिवेलगत होते. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस उभा होता. शंभर-सव्वाशे माणसे जमली होती; बायकांनी लेकरे कडेवर घट्ट धरली होती. लिंबाच्या डहाळ्यांनी सजवलेला गाडा उभा होता. पलीकडे, शेजारच्या गावाच्या हद्दीत, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या दिसत होत्या, आणि त्यांची पोरे बांधावर उभी राहून कुतूहलाने इकडे बघत होती. गाडा सोडायचा तो तिथेच, त्या कोप्यांसमोर.

रोहनने गाडी रस्त्यावरच थांबवली. नकुशी देव्हारा पोटाशी दोन्ही हातांनी धरून चालत आली. बाजाराची पाटी धरावी तसा तिने तो धरला होता. वाट देणारे लोक अंग चोरून मागे सरकत होते. आधी कुजबूज झाली, मग ओरडा.

"डोक्यावर घे!"

"आईला आसं आणत्यात व्हय?"

तिने देव्हारा देवळासमोरच्या ओट्यावर ठेवला आणि ती सरळ उभी राहिली.

"आप्पा, म्या खोटं बोलले. नदीत सोडला न्हवता. भ्या वाटलं म्हणून लपवला. ह्यो गावाचा हाय, गावाला आणून दिला. डोक्यावर म्या घेणार न्हाई."

"का?" आप्पांनी विचारले.

"मी येशूची हाय." हे वाक्य गावात तिने पहिल्यांदाच उच्चारले. ते शेवटच्या माणसापर्यंत पोचले.

मातीचे एक ढेकूळ येऊन तिच्या खांद्यावर फुटले. कुणी मारले ते दिसले नाही. पप्पू पुढे आला. "दौंडच्या बाईनं शिकवलं का ह्ये? गुमान उचल. न्हाई तर तुझं पत्र्याचं खोपाट आज ऱ्हात न्हाई."

"तू उचल, पप्पूदादा," नकुशी म्हणाली. "तुझी आई हाय, तर तू घे डोक्यावर. मी चुंबळ देते करून."

कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. पप्पू ओट्यापर्यंत आला. त्याने मोबाइल खिशात ठेवला, हात पुढे केले आणि देव्हाऱ्यापासून वीतभर अंतरावर ते थांबले. त्याची बायको तिसऱ्यांदा पोटुशी होती. सगळ्या गावाला ते माहीत होते. त्याने हात मागे घेतले आणि गमछ्याने तोंड पुसले. "आमचं काम न्हाई त्ये," तो म्हणाला.

नकुशी एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. गेले तीन दिवस तिला ज्यांची भीती वाटत होती, ती माणसे त्या हातभर खोक्यापासून दहा पावले लांब उभी होती. आपण पंचवीस वर्षे जसे भीत होतो, तशीच ही माणसे भितात, आणि भीती सहन होत नाही म्हणून आपल्या डोक्यावर ठेवू बघतात. तिला त्यांचा राग येईना.

"मी घेतो," मागून रोहनचा आवाज आला.

तो गर्दीतून पुढे आला. "रगत येकच हाय ना? आई ऱ्हाऊ द्या. मी घेतो. पर तिला हात लावायचा न्हाई कुणी."

"घिऊ द्या!" माणसे ओरडली. "त्याच्या घरचंच काम हाय! पोरगा तयार हाय!"

रोहन ओट्यापाशी वाकला. त्याच्या दाट केसांच्या डोक्याकडे नकुशीने पाहिले, नेमकी टाळू असते तिथे. सगळ्या दिवसात तिला खरी भीती वाटली ती त्या क्षणी. तिने उजव्या हाताचा तळवा देव्हाऱ्यावर दाबून ठेवला.

"तू न्हाई."

"आई, सोड."

"तू न्हाई, आन् तुझी पोरं न्हाईत." मग ती गावाकडे वळली, हात तसाच होता. "आमच्या घरानं लई उचलली. माझ्या मालकाची पाठ कुणी बघितली का? दौंडच्या बाईनं बघितली, धुतली. आता ही गावाची हाय, तर गावानं उचलावी. हात लावून काय व्हत न्हाई. माझा हात बघा. सकाळधरनं हितंच हाय."

कुणी हलले नाही. ऊन उतरत चालले होते आणि उसाची सावली देवळाच्या पायरीपर्यंत आली होती. अंधाराआधी सगळ्यांना घरी पोचायचे होते.

शेवटी हौसराव आप्पा पुढे आले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून दोन्ही हातांना गुंडाळले. देव्हाऱ्याला एका बाजूने धरले. हात एवढे थरथरत होते की आतला मुखवटा लाकडावर वाजू लागला. म्हाताऱ्याचे ओठ आवळलेले होते. त्यांनी उचलून पाहिले, आणि ते ओझे त्यांना एकट्याला पेलेना.

"दुसऱ्या बाजूनं धर," ते तिला एकटीलाच ऐकू जाईल असे म्हणाले. "उंबऱ्यापातुर."

नकुशीने दुसरी बाजू उघड्या हातांनी धरली. दोन माणसे धान्याची कणगी उचलतात तसे ते दोघे आठ पावले चालले. इतकी वर्षे हे आपण एकटीने मानेवर कसे वाहिले, याचे तिला नवल वाटले. उंबऱ्यापाशी ती थांबली. आप्पांनी वाकून देव्हारा आत ढकलला, आणि ते तसेच, भिंतीला हात टेकून, थोडा वेळ आत उभे राहिले.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा शनिवारसारखा झाला होता.

"गाडा आसाच जाईल," ते लोकांना म्हणाले. मग नकुशीला, सगळ्यांना ऐकू जाईल असे: "उद्यापासनं माझ्या रानात पाय ठेवायचा न्हाई. गावात तुला कुणी कामाला बोलवायचं न्हाई, कुणी दळण घ्यायचं न्हाई. आजून येक लेकरू गेलं, तर त्ये तुझ्या माथी."

"सार्थकसाठी रोज मागते मी, आप्पा," नकुशी म्हणाली. "राजनंदिनीसाठीबी." राजनंदिनी ही सार्थकची आई, ती गर्दीत नव्हती.

"मागू नको," आप्पा म्हणाले आणि वळले.

हलगी वाजू लागली. गाडा कोप्यांच्या दिशेने गेला आणि तिथली पोरे बांधावरून पळून आत शिरली.

*

रस्त्यावर रोहनच्या गाडीची दोन्ही चाके बसलेली होती. कुणीतरी टायर कापले होते. परतणारे ट्रॅक्टर आणि गाड्या त्यांच्या शेजारून गेल्या. एकही थांबली नाही. शेवटच्या ट्रॅक्टरवरून पप्पू ओरडला, "हाक मार की तुझ्या येशूला! वाघ येईल आता, त्यालाबी प्रसाद दे!"

दिवस मावळत होता. वस्ती दोन मैलांवर, आणि वाट सगळी उसातून. रोहनने कडेची एक काठी उचलली. मोबाइल काढून पाहिला. सकाळपासून चार्ज न केलेला तो बंद पडला होता.

"तू माझ्या मागं चाल," तो म्हणाला.

"मी पुढं चालते. मला सवय हाय."

वाऱ्याने उसाची पाती एकमेकांवर घासत होती. पदर डोक्यावरून घसरला आणि टाळूवरच्या उघड्या जागेला गार वारा लागला. ती जागा चुरचुरत नव्हती. उद्या काम नव्हते, दळण नव्हते, घर कदाचित नीट असेल, कदाचित नसेल. आप्पांचे शेवटचे बोलणे तिच्या छातीत अडकले होते आणि ते तिथे पुष्कळ दिवस राहणार होते. समोरच्या वळणावर वाट अंधारली होती. भीती होती. तिने रविवारी सिस्टरच्या घरी म्हणतात ते गाणे सुरू केले, आणि ते गोधडीत म्हणायची तसे नाही, तर मोठ्याने, मरीआईपुढे दारोदार ज्या गळ्याने हाक घालायची त्या गळ्याने.

रोहन दचकला. "आई, हळू. म्होरं शंकररावाची वस्ती हाय. ऐकतील की."

"ऐकू दे."

शंकररावाच्या वस्तीवर एक दार उघडले. दारातल्या बाईने बघितले आणि दार आपटून लावले. नकुशी गातच राहिली. वस्ती मागे पडली. पुढे ऊस दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकला होता आणि आभाळाची एक अरुंद पट्टी तेवढी दिसत होती. तिथे तिला धाप लागली. ती दम घ्यायला क्षणभर गप्प झाली.

उजव्या हाताला, आत कुठेतरी, वाळलेले पाचट वाजले.

रोहनचा हात तिच्या पाठीला लागला. "थांबू नको, आई," तो म्हणाला. "म्हण. मोठ्यानं म्हण."